संगणकी नसेच्या दुसऱ्या इशाऱ्याची हकीकत

श्रीगणकयंत्र समर्थ. शके एकोणीसशे एकवीस, मुक्काम पुणे, पेठ सदाशिव. राजमान्य राजेश्री नागोराव वर्धेकर, पीएच.डी.चे उमेदवार, यांनी संगणकातील नसेवर मोहीम कैसी केली, ते यथास्थित लिहितो. लिहिणार खुद्द नागोरावच, सबब स्तुती अंमळ अधिक दिसल्यास माफी असावी.

तर नागोरावांनी संगणकात शंभर चौक्यांची एक नस, म्हणजे मज्जातंतू, उभी केली. एका टोकास विजेचा इशारा द्यावा आणि तो चौकीमागून चौकी दौडत दुसऱ्या टोकास पोहोचावा, ऐसा बेत. पहिला इशारा बिनदिक्कत पार जाहला आणि नागोरावांस बहुत हर्ष जाहला, मग लागलेच दोन पाठोपाठ सोडले, तो दुसरा पहिल्याच चौकीवर विरला. पुन्हा सोडले, पुन्हा तेच. चौक्या फितूर जाहल्या ऐसे मनी धरून नागोरावांनी तीन आठवडे प्रोग्रॅमवर मोर्चे लाविले आणि चौक्यांची दौडीनंतरची विश्रांतीच जप्त केली, मग इशारे उलटसुलट धावू लागले आणि संगणक जागीच गारद जाहला. निरुपाये जुनी प्रत पुन्हा चढविली.

इकडे पीएच.डी. समितीचे फर्मान आले, की शुक्रवारी चार वाजता दोन इशारे चालवून दाखवावे, न चालल्यास नोंदणी रद्द. खोलीतले सोबती दिग्विजय नुकतेच सॉफ्टवेअर कंपनीत रुजू जाहले होते. ते म्हणाले, "सोड ना यार, आमच्याकडे ओपनिंग आहे." नागोरावांनी कंपनीचा पत्ता तेवढा टिपून ठेविला.

शुक्रवारी सकाळी ते मार्गदर्शक उत्कर्षाबाई यांस शरण गेले. बाईंनी संगणकाचा पडदा न्याहाळिला.

"दोन इशाऱ्यांत किती वेळ ठेवलात?"

"एक मिलिसेकंद, बाई."

"अहो, एकदा दौडली की नस दम खाते. तोवर दुसरा इशारा घेत नाही. आपल्या अंगातली नसही हेच करते. प्रोग्रॅम बरोबर आहे. चूक खुर्चीत बसली आहे."

नागोराव खुर्चीतून उठले. मग बाईंच्या हुकुमे वीस मिलिसेकंदांचे अंतर घातले आणि दुसरा इशारा शंभरही चौक्या ओलांडून गेला.

चार वाजता समितीने नोंदणी कायम केली, मात्र तीन आठवडे काय केले याचा तपशील लेखी मागितला. नागोरावांनी सत्य स्मरून लिहून दिले, की निरोगी नसेवर उपचार करीत होतो, नस बचावली. खाली बाईंनी सही केली. येणेप्रमाणे फत्ते जाहली.