दोन आम्लांच्या फारकतीची हकीकत

वाचणारांचे कुशल असो, आणि त्यांच्या यंत्रांच्या नळ्या सदैव मोकळ्या वाहोत. विशेष हकीकत ऐसी की, सफरचंदाचा रस काढून टाक्या भरणारा एक घरगुती कारखाना होता, आणि त्याचे धनी वृद्ध, धीरगंभीर, परंतु आपले तोंड आंबट जाहले की सर्व जगाचे आंबट जाहले ऐसे मानणारे होते. बाटल्या धुण्याच्या जागेस लागून तपासणीची खोली, आणि तेथे दोघी रसायनशास्त्रज्ञांचा अंमल. एक धन्यांच्या थोरल्या कन्या, यंत्राच्या घरघरीवरून त्याचे दुखणे ओळखणाऱ्या, त्यांस सारे आक्कासाहेब म्हणत. दुसऱ्या त्याच धन्यांच्या सूनबाई, नवी विद्या शिकून ताज्या आलेल्या, त्यांस धाकट्या बाईसाहेब म्हणत. दोघी एकाच मेजाशी बसत, आणि दोघींत अबोला होता.

अबोल्याचे कारण एक पोलादी नळी, वीतभर लांब, आत बारीक दाणे ठासून भरलेले, जिला कॉलम म्हणतात. रसाचा थेंब वाहत्या द्रावणात घालून दाबाने तिच्यातून सोडिला, म्हणजे आतली द्रव्ये दाण्यांपाशी कमीजास्त रेंगाळतात, आणि मग एकामागून एक बाहेर पडतात, आणि पडद्यावर ज्याचे त्याचे शिखर उमटते. बाईसाहेबांनी नवा कॉलम मागविला, आणि आक्कासाहेबांचा जुना काढून खणात ठेविला, आणि त्याची टोपणे लावावयास विसरल्या, आणि तो कोरडा पडला. मग आक्कासाहेबांनी जुना कॉलम हळूहळू धुऊन पुनश्च जिवंत केला, आणि नव्याची पेटी फडताळावर चढविली, आणि भावजयीशी बोलणे बंद केले.

त्या दिवसापासून धन्यांचे चिरंजीव, म्हणजे एकीचे बंधू आणि दुसरीचे पती, कारखान्याचे मेकॅनिक, हे उभय दरबारांचे वकील जाहले. आक्कासाहेब म्हणत की त्या बाजूस कळवावे, बाटलीचे झाकण उघडे आहे. मग वकील मेजाला वळसा घालून तेच कळवीत. आणि बाईसाहेब झाकण लावून उत्तर देत की त्या बाजूस कळवावे, लाविले. मध्ये अंतर एका हाताचे, परंतु शिष्टाचार कडक.

ऐसे चालले असता मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक तपासनीस दाखल जाहले. लांब नाकाचे, मोजके बोलणारे. त्यांनी टाकीतल्या रसाचा घोट घेतला, आणि भुवया आवळल्या, आणि ठराव दिला की रस नासला आहे. नासला नसल्यास आज दिवस मावळायच्या आत दाखवावे, न दाखविल्यास ट्रक रिकामा परत जाईल आणि पुन्हा या दाराशी येणार नाही. सबंध हंगामाचा रस एका टाकीत, आणि टाकीचे तोंड गटाराकडे.

आता मर्म ऐसे की, सफरचंदात मॅलिक आम्ल उपजतच असते, तो घरचाच मनुष्य. आणि रस नासू लागला म्हणजे लॅक्टिक आम्ल शिरते, तो घुसखोर. जुन्या कॉलमात दोघेही न थांबता, हातात हात घालून बाहेर पडले, आणि पडद्यावर एकच उंचवटा उमटला. त्यात घरचा किती आणि घुसखोर किती, हे कोणास सांगवेना. तपासनीस म्हणाले, हे तर एकच ढेकूळ दिसते.

मग धन्यांनी हुकूम केला की फडताळावरील पेटी उतरवावी. आक्कासाहेबांनी वकिलामार्फत कळविले की उतरवावी, परंतु जोडणी आम्ही करू. बाईसाहेबांनी त्याच वकिलामार्फत कळविले की मंजूर.

नवा कॉलम मिश्र पद्धतीचा. त्याच्या दाण्यांस दोन तऱ्हेचे अडकविणारे आकडे: एक तेलकटपणा पाहून धरणारा, दुसरा विजेचा भार पाहून ओढणारा. आम्ले पाण्यात विरघळली म्हणजे त्यांच्या अंगी ऋण भार येतो, आणि आकड्यांवर धन भार, मग ओढ जबर बसते. बाईसाहेबांनी मोठ्या उमेदीने रस सोडिला, आणि सर्वांनी पडद्याकडे डोळे लाविले, आणि रेघ सरळ गेली. अजून गेली. पडदा संपला तरी सरळच. जुन्या कॉलमात कोणी थांबत नव्हते, नव्यातून कोणी निघेना. धन्यांनी विचारिले की आमचा रस कोणीकडे गेला. वकिलांनी पडद्यावर टिचकी मारून पाहिली.

मग बाईसाहेबांनी वाहत्या द्रावणात मीठ वाढविले, कारण मिठाचे कण त्या आकड्यांवर जागा अडवितात आणि आम्लांस सोडवितात. थोडे वाढविले, तो घुसखोर आणि मॅलिक दोघेही आतच तळ देऊन राहिले. एकदम पुष्कळ वाढविले, तो दोघेही लोटालोट करीत बाहेर, आणि पुन्हा तेच ढेकूळ. त्यात मिठाने पंपाचा सांधा धरिला, आणि दाब चढला, आणि सांध्यातून बारीक कारंजे उडून थेट तपासनिसांच्या चष्म्यावर. वकील पाना घेऊन धावले, आणि घाईने उलट फिरविला, आणि दुसरे कारंजे धन्यांच्या कपाळी. तपासनिसांनी चष्मा पुसला आणि घड्याळाकडे पाहिले. बाईसाहेबांचे डोळे भरून आले, आणि तरी हात पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेला.

तेव्हा आक्कासाहेब, सांधा पुसता पुसता, मान वर न करिता, बोलिल्या.

"मीठ नको वाढवूस. द्रावण आंबट कर. आंबट पाण्यात त्यांचा भार उतरतो, मग आपोआप सैल पडतील."

वकिलांनी सवयीने तोच मजकूर पोहोचविण्यास तोंड उघडिले, तो आक्कासाहेबांनी हातानेच त्यांस बाजूला केले. बाईसाहेबांनी डोळे पुसले.

"किती आंबट करू, आक्का?"

"थोडं थोडं. घाई नको. मी आहे पंपाजवळ."

मग एक द्रावण आंबट करू लागली, दुसरी दाब सांभाळू लागली, आणि रस पुनश्च सोडिला. रेघ चालली, आणि एके जागी किंचित वर आली, मुंगीच्या वारुळाएवढी. मग खाली बसून सपाट जाहली. आणि मग एकाएकी उंच, निमुळते, देखणे शिखर उठले. दोहोंच्या मध्ये मोकळे मैदान. आक्कासाहेबांनी भावजयीचा दंड ऐसा आवळिला की वळ उठला, आणि बाईसाहेबांस तो गोड लागला.

परंतु तपासनीस म्हणाले, वारूळ कोणाचे आणि शिखर कोणाचे हे कशावरून? मग बाईसाहेबांनी निखळ लॅक्टिक आम्लाचा थेंब त्याच रसात मिळवून फिरून सोडिला, आणि वारूळ जागच्या जागी फुगले, शिखर होते तैसेच राहिले. घुसखोराची ओळख पटली. तो टाकीत नावापुरताच. उंच शिखर घरच्या मॅलिकचे, आणि तेही नेहमीहून थोर. अर्थात रस नासका नव्हे, फळ कच्चे तोडिले. फळ लवकर तोडण्याचा हुकूम कोणी दिला, ऐसे तपासनिसांनी सहज विचारिले, तेव्हा धनी खिडकीबाहेरच्या ट्रकाची चाके फार बारकाईने पाहू लागले.

तपासनिसांनी दुसरा घोट घेतला. "आंबट आहे," ते म्हणाले, "पण नासका नाही. गोड रसात मिसळून चालवू." आणि टाकीचे तोंड गटाराऐवजी ट्रकाकडे फिरले.

येणेप्रमाणे मॅलिक आणि लॅक्टिक यांची फारकत, आणि नणंद-भावजय यांची दिलजमाई, एकाच पडद्यावर जाहली. मग दोघींस ऐसे भरते आले की त्यांनी कॉलमातून सिरका सोडिला, फाटलेले दूध सोडिले, धन्यांच्या खोकल्याचे औषध सोडिले, आणि प्रत्येक शिखरास टाळ्या वाजविल्या. आणि वकिलांनी मध्ये काही विचारिले तर दोघींनी एकदम सांगितले की पडद्यासमोरून सरका. फत्ते पुरी जाहली. त्या दिवशी या तपासणीपायी कारखान्यात लिंबू म्हणून एकही शिल्लक राहिले नाही, हेही नमूद असे.