टर्निप आतून दार लावते

लॉरेल गॅपच्या जत्रेच्या फाटकावरचा फलक वाचता वाचता हॉलिस डनव्हंटने गाडी कुंपणाला लावली आणि संतापाच्या भरात इंजिन बंद करायचं विसरला. फलकावर लिहिलं होतं: "ब्रायर फोर्क मंडळी. पारंपरिक केल्टिक संगीत, अमेरिकन ट्विस्टसह."

"ट्विस्ट म्हणे," हॉलिस म्हणाला. "मी काय सरबत आहे, वरून लिंबू पिळायला?"

"त्यांनी फोनवर विचारलं, तुमच्यात वेगळं काय आहे," मागच्या सीटवरून त्याचा मेहुणा ब्यूल टॅकेट म्हणाला. "मी म्हटलं, माझा बँजो. त्याचं त्यांनी हे केलं."

हॉलिस शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाला होता आणि अंगानेही फळीसारखाच होता. त्याच्या पणजोबांनी आयर्लंडमधल्या अल्स्टरहून या डोंगरात येताना एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि काही चाली आणल्या होत्या. त्यातला एकही सूर इकडचा तिकडे न करता हॉलिस त्या वाजवत आला होता, तोही वर्षानुवर्षं शौचालयांशेजारच्या छोट्या तंबूत. यंदा पहिल्यांदाच मुख्य मंच मिळाला होता. आणि तो कशामुळे, तर मेहुण्याच्या बँजोमुळे. हे ऐकून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

जागा दाखवणाऱ्याने गाडी कुंपणाला इतकी चिकटवून लावायला सांगितली होती, की हॉलिसच्या बाजूला कसंबसं एक किडकिडीत शरीर मावेल एवढीच फट उरली. तो त्यातून तिरका होऊन बाहेर पडला आणि त्याने दार आपटलं. दुसऱ्या बाजूने ब्यूल उतरला. दोघांच्या मध्ये उभं राहायला हॉलिसची बायको इमोजीन उतरली. ती मंडळींत कातड्याचा डफ वाजवायची, पण तिचं खरं काम हे मध्ये उभं राहण्याचंच होतं.

"तू त्यांना आत्ता जाऊन सांग, तो शब्द पुसा म्हणून," हॉलिस म्हणाला.

"मास्तर, रंगाने लिहिलंय ते. खडूने नाही."

गाडीत ब्यूलची टर्निप होती, लांब कानांची शिकारी कुत्री. आपल्याला सोडून कुणी भांडलेलं तिला खपत नसे. ती उडी मारून हॉलिसच्या सीटवर आली आणि नीट दिसावं म्हणून तिने पुढचे पाय दारावर ठेवले. तिथल्या कुलपाच्या बटणावर पाय पडून खट्ट आवाज झाला. सगळी दारं एकदम आतून बंद झाली.

ब्यूलने आपल्या बाजूची मूठ ओढून पाहिली.

"किल्ली?" इमोजीनने विचारलं.

"गाडीलाच आहे," हॉलिस म्हणाला. "फिडलही आत आहे. तुझ्या भावाच्या कुत्रीने दार लावून घेतलंय."

"गाडी तुझी, दार तुझं," ब्यूल म्हणाला. "टर्निपने नुसता पाय ठेवला."

आत गार वारा चालू होता. टर्निप मजेत होती.

गावात कुलपं उघडून देणारा एकच माणूस होता आणि तो जत्रेतच होता, पण बॅगपाईप बँडमध्ये ढोल वाजवत. संचलन संपेपर्यंत रांग सोडणार नाही, असं त्याने ढोल न थांबवता मानेनेच सांगितलं. ब्यूलने एक धोंडा उचलला. काचेच्या बरोब्बर खाली पणजोबांचं फिडल आहे, असं हॉलिसने ज्या आवाजात सांगितलं, तो ऐकून ब्यूलने धोंडा होता तिथे परत ठेवला.

तेवढ्यात जत्रेची व्यवस्था बघणाऱ्या प्रिसिला हॅचबाई लगबगीने आल्या. "अहो, तुमची वेळ झालीच आता. आणि आयर्लंडहून पाहुण्या आल्यात, नूला मॅकगिनली. थेट डोनेगलच्या. त्यांना अगदी पुढे बसवलंय."

डोनेगल ऐकून हॉलिसने कुंपणाचा खांब धरला. जन्मात एकदा जाणता श्रोता मिळाला होता, आणि वाद्यांवर कुत्री बसली होती.

ब्यूलने आपल्या बाजूने हाक मारली. टर्निप धावत त्याच्याकडे गेली आणि काच चाटू लागली. पण बटण होतं पलीकडच्या दारावर. ब्यूल फटीत शिरायला गेला, तो पोटापाशी अडकला. त्याला ओढून काढावं लागलं. इमोजीनही शेवटी टॅकेट घराण्याचीच. तिने फटीकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"हॉलिस, तूच जा. ब्यूल रोज ओसरीवर वाजवतो ना, ती चाल म्हण. ती ऐकली की टर्निप मागच्या पायांवर उभी राहून समोर दिसेल ते ओरबाडते. काचेपाशी आली की बटण दाबलं जाईल."

"ती मी म्हणणार नाही. ती चाल नव्हे. कुंपणावरून पडलेल्या माणसाचं ओरडणं आहे ते."

"मग जा आणि मंचावर हात चोळत उभा राहा."

हॉलिस फटीत शिरला आणि दातांतल्या दातांत गुणगुणला, "डिडल डाय, डिडल डाय डो." टर्निपने जांभई दिली.

"मास्तर, तिला खोटं लगेच कळतं," गाडीच्या पलीकडून ब्यूल म्हणाला. "दुसऱ्या ओळीत जरा लचक पाहिजे."

"लचक म्हणजे काय?"

"म्हणजे तेच रे. फलकावर आहे ते."

हॉलिसच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तिरमिरीतच त्याने वरचा सूर लावला. कुंपणाच्या खालच्या फळीवर त्याचा बूट आपोआप पडायला लागला. इमोजीनने गाडीच्या पाठीवर ठेका धरला आणि ब्यूल पोटातून घुमायला लागला. दुसऱ्या ओळीला हॉलिसचा आवाज रागानेच असा काही लचकला, की टर्निप ताडकन उभी राहिली. तिच्या पायाने आधी काच पुसायच्या कांड्या सुरू झाल्या, मग भोंगा वाजला, आणि तो नेमका समेवर वाजला.

लोक जमू लागले. सॉसेजवाला आपलं दुकान सोडून आला. कुणीतरी टाळ्या धरल्या.

"मंडळी, हा कार्यक्रम नाही," हॉलिस कुंपण आणि गाडी यांच्यामधून म्हणाला. "आमचा कार्यक्रम गंभीर असतो."

लोक पोट धरून हसले आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं. त्याला म्हणावंच लागलं, कारण दार अजून उघडलेलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला एकदाचं खट्ट झालं.

मंचावर हॉलिसने शेवटी पणजोबांची संथ चाल वाजवली. ती इतकी निर्दोष त्याच्या हातून कधीच वाजली नव्हती. पण ऐकायला होतं कोण? लोक सगळे सॉसेजच्या दुकानापाशी टर्निपला खाऊ घालत होते. बाकांवर पाईप बँडचे दोन थकलेले वादक झोपले होते आणि पुढे नूला मॅकगिनलीबाई एकट्या बसल्या होत्या. हॉलिसने त्यांच्यासाठीच वाजवलं. नंतर त्या काठी टेकत मंचापाशी आल्या.

"हात फार गोड आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "ही शेवटची चाल लहानपणी आमच्या घरीही वाजायची. आम्ही तिला अमेरिकन चाल म्हणायचो. आत्या बॉस्टनला कामाला होती, तिने ग्रामोफोनची तबकडी पाठवली होती."

हॉलिसने गज खाली ठेवला.

"पण मघाशी गाडीपाशी तुम्ही म्हटलंत ना, ते मात्र माझ्या वडिलांचं. घरात वाद्य नव्हतं आमच्या, म्हणून ते तोंडानेच म्हणायचे आणि आम्ही नाचायचो. दुसऱ्या ओळीतली ती लचक तर हुबेहूब. मला रडूच आलं. कुणाकडून शिकलात?"

ब्यूल आभाळाकडे बघत उभा राहिला. इमोजीनने डफ तोंडापुढे धरला.

"कुत्रीकडून," हॉलिस म्हणाला.

पुढच्या तालमीला ब्यूल नेहमीसारखा ओसरीवर बसला आणि आपली चाल वाजवू लागला. पहिलंच आवर्तन संपायच्या आत हॉलिसने फिडलच्या गजाने टेबल ठोकलं.

"थांब. तिथे लचक ओळीच्या सुरुवातीला आहे. तू शेवटाला घेतलीस."

"मास्तर, माझीच चाल आहे ही. मी रोज वेगळी वाजवतो."

"तुझी?" हॉलिस संतापून उभा राहिला. "डोनेगलची आहे ती. लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपलीय, आणि तू तिची वाट लावतोयस. पुन्हा घे. आणि मध्ये आपल्या पदरचं काही घालायचं नाही."