एका केबलसाठी तीन कोटेशनं

दहा मिनिटांचं काम आहे, असं कोटेशनराव त्या दिवशी सकाळी छातीठोकपणे म्हणाले. ज्या माणसाला साधं पायपुसणं निवडायला पाऊण महिना लागतो, त्याने दहा मिनिटं हे शब्द तोंडातून काढायलाच नको होते. पण काढले, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

कोटेशनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. ते एका मोठ्या कचेरीत खरेदी विभागात आहेत. त्या विभागाचा नियम असा की टाचणी घ्यायची असली तरी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचं, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून ताडून बघायची आणि मगच एकाला हो म्हणायचं. शिवाय पहिल्याला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. इतकी वर्षं हे करून करून तो नियम यांच्या अंगात असा मुरलाय, की एकदा दाढ दुखली तेव्हा तिसऱ्या दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत ती आपली आपणच पडली. तेव्हापासून सासरच्यांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

त्यांची बायको नर्स. इमारतीत सगळे तिला सिस्टर म्हणतात. तिच्या ड्यूट्या फिरत्या, यांची सुट्टी ठरलेली, त्यामुळे दोघं एकाच दिवशी घरात असण्याचा योग क्वचितच यायचा. एरवी ही दोघं दारात भेटायची. एक जण चपला काढतोय, दुसरं चपला घालतंय. संसारातलं सगळं संभाषण काय, तर दूध तापवून ठेवलंय, गिझर बंद कर, किल्ली घेतलीस का. असं कित्येक आठवडे चाललं होतं आणि दोघंही त्याला कंटाळली होती.

तर असा तो दुर्मिळ दिवस उजाडला. सिस्टरने सकाळीच वॉशिंग मशीनमध्ये आपले युनिफॉर्म भिजत टाकले आणि माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. त्यात तिच्या माहेरचा जुना व्हिडिओ गेम होता. लहानपणी गाड्यांच्या शर्यतीत तिने अख्ख्या गल्लीला हरवलं होतं, तो हाच.

"दुपारी आपण दोघं हा खेळू," ती म्हणाली. "सोफ्यावर शेजारी शेजारी बसून. आणि घरात तिसरं माणूस नको. माणसं बघून बघून मी दमलेय."

एवढंच तिचं मागणं होतं. यात न कळण्यासारखं काय आहे सांगा! कोटेशनरावांनाही ते कळलं होतं. मनापासून त्यांनाही तेच हवं होतं. म्हणूनच तर ते दहा मिनिटांचं बोलून बसले.

खोक्यात खेळाचा डबा होता, दोन कंट्रोलर होते, गाड्यांच्या शर्यतीची तबकडीसुद्धा होती. डबा टीव्हीला जोडणारी केबल मात्र नव्हती. मागे घर बदललं तेव्हा ती कुठल्या तरी पोत्यातून भंगारात गेली असणार. कोटेशनराव टीव्हीच्या मागे वाकले. तिथे हिरवी, निळी, लाल, पांढरी गोल भोकं होती, शिवाय काही चपटी होती, आणि डब्याच्या पाठीला यातलं काहीच नव्हतं, एक लांबट फट तेवढी होती. सिस्टर म्हणाली की नाक्यावरच्या दुकानात डबा घेऊन जा, त्याला बसेल ती कुठलीही वायर आण.

कुठलीही! खरेदी विभागातल्या माणसाला हा शब्द म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखा. कोटेशनराव हसले, बरं म्हणाले, गॅलरीत गेले आणि दार ओढून घेऊन त्यांनी हळू आवाजात तीन फोन केले.

पहिला फोन वरच्या मजल्यावरच्या मावशींना. मावशी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, वायर म्हटलं की आपला शब्द शेवटचा असं मानणाऱ्या. दुसरा फोन मेहुण्याला. तो लग्नाचे व्हिडिओ काढतो आणि जगातल्या बाकी सगळ्यांना चित्रातलं काही कळत नाही अशी त्याची खात्री आहे. तिसरा कचेरीतल्या स्टोअरकीपरला, कारण त्यांच्या गोदामात नाही अशी वस्तू आजवर कुणाला मागता आलेली नाही. यांनी फक्त मत विचारलं होतं. पण आपल्याकडे कुणी फोनवर नुसतं मत देत नाही, घरी येऊन देतो.

जेवणं आटोपून, मशीन सुरू करून सिस्टर दोन उशा घेऊन सोफ्यावर बसते न बसते तोच बेल वाजली. दारात मावशी, हातात पिवळी-पांढरी-लाल तीन तोंडांची जाडजूड केबल. त्यांना पाणी देईपर्यंत मेहुणा आला. त्याच्या गळ्यात पाच तोंडांची केबल हारासारखी लटकत होती. दार लावायच्या आत स्टोअरकीपरही जिना चढून आले, खिशात कन्व्हर्टरची काळी डबी आणि तिची चपटी केबल घेऊन. तिघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि मग तिघांनी मिळून कोटेशनरावांकडे पाहिलं.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तर," मावशी म्हणाल्या आणि सोफ्याच्या बरोबर मधोमध बसल्या.

सिस्टरने उशा उचलून आत नेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. तिचं असं निमूट कामाला लागणं फार वाईट असतं, हे कोटेशनरावांना पक्कं माहीत होतं. ते मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दहाच मिनिटं, असं पुन्हा म्हणाले. तिने त्यांच्या हातात कपांचा ट्रे दिला.

मान वयाचा, म्हणून पहिली पाळी मावशींची. त्यांच्या केबलचं एक टोक डब्याच्या फटीत बसलं, पण पिवळं तोंड टीव्हीला बसेना, कारण टीव्हीला पिवळं भोकच नव्हतं. मावशींनी एक्स्चेंजमध्ये असली कामं डोळे मिटून केली होती, त्यांनी ते सरळ हिरव्यात खुपसलं. आणि काय सांगता, चित्र आलं! फक्त ते काळंपांढरं होतं. शर्यतीतल्या सगळ्या गाड्या राखाडी, रस्ता राखाडी, आभाळही राखाडी. मेहुण्याने डोळ्यांवर हात ठेवला. मावशींचं म्हणणं असं पडलं की गाडी दिसते, रस्ता दिसतो, आणखी काय हवं, रंगाने काय गाडी जोरात पळते का.

मग मेहुणा तोंडात टॉर्च धरून टीव्हीच्या मागे आडवा झाला. त्याच्या केबलला पाच तोंडं, त्यात लाल दोन. एक लाल चित्राचं, एक आवाजाचं. कुठलं कुठलं, हे ओळखायला त्या लालांवर काही खूण नव्हती. "भाऊजी, क्वालिटी बघा आता," तो मागून म्हणाला. टीव्हीवर गाड्या आल्या, पण सगळं जग शेवाळ चढल्यासारखं हिरवंगार, आणि उजव्या स्पीकरमधून पिठाची गिरणी चालावी तसा आवाज. त्याने लाल तोंडं अदलून बदलून पाहिली. मावशींनी वरून सूचना दिल्या, त्या त्याने ऐकल्या नाहीत, म्हणून त्या आणखी मोठ्याने दिल्या. शेवटी नेमकं कुठलं लाल कुठे होतं, हे त्यालाही सांगता येईना.

या सगळ्यात चहाची दुसरी फेरी झाली. सिस्टर आणून देत होती आणि रिकामे कप घेऊन जात होती. सोफ्यावर आता मावशी, त्यांची पर्स, मेहुण्याची बॅग आणि स्टोअरकीपर असे बसले होते. जिची सुट्टी होती तिला आपल्याच घरात टेकायला जागा नव्हती. कोटेशनरावांना ते दिसत होतं आणि आतून खातही होतं, पण तिसरं कोटेशन उघडल्याशिवाय थांबायचं कसं? खरेदी विभागात असं कधी झालेलं नाही.

स्टोअरकीपर शांत माणूस. त्यांनी डबी काढली, पुसली, केबल लावली. मग कळलं की डबीला स्वतःची वेगळी वीज लागते. पॉईंट तर सगळे भरलेले. ते पॉईंट शोधत घरभर फिरले, कुठला तरी एक प्लग उपटला आणि तिथून एक्स्टेन्शन ओढून आणलं. या खेपेला चित्र स्वच्छ, रंगीत, अगदी झकास. फक्त आडवं ताणलेलं. गाड्या पोळपाटासारख्या चपट्या झाल्या होत्या आणि शर्यत सुरू करायला झेंडा दाखवणारा माणूस दाराएवढा रुंद होता.

"साहेब, जास्तच मिळतंय की चित्र," स्टोअरकीपर म्हणाले. "कमी तर नाही ना?"

तिघांची जुंपली ती इथे. मेहुणा म्हणे ताणलेल्या चित्रापेक्षा हिरवं परवडलं. मावशी म्हणे हिरव्यापेक्षा आमचं काळंपांढरं सभ्य. स्टोअरकीपर डबीवरचा हातच काढेनात. आणि अशा वेळी कोटेशनरावांनी काय करावं? त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की तुलना न्याय्य झालेली नाही. मावशींच्या वेळी खेळाचा पहिला रस्ता होता, मेहुण्याच्या वेळी डोंगराचा. तिन्ही केबली एकाच रस्त्यावर, एकाच अंतरावरून, पुन्हा पाहाव्या लागतील.

त्याच क्षणी सिस्टर आतून बाहेर आली. तिच्या हातात बादली होती आणि बादलीत साबणाच्या पाण्यात बुडालेले तिचे युनिफॉर्म. स्टोअरकीपरांनी उपटलेला प्लग वॉशिंग मशीनचा होता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कोटेशनरावांनी तर खांदेही आवळून घेतले. पण ती मावशींसमोर उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुमच्या घराची किल्ली देता? उद्या ड्यूटी आहे. वर नळाखाली कपडे पिळून तुमच्या दोरीवर टाकते." मावशींनी टीव्हीवरची नजर न काढता पर्समधून किल्ली काढून दिली. सिस्टर बादली घेऊन गेली. बादली धरायला उठायचं कोटेशनरावांच्या मनात आलं, पण तेवढ्यात मेहुण्याने त्यांच्या हातात टॉर्च दिला.

फेरतपासणी सुरू झाली. केबली निघाल्या, केबली लागल्या, तोंडं एकमेकांत गुंतली, कुणाचं पांढरं कुणाच्या लालात गेलं. बऱ्याच वेळाने मावशींना चहाची आठवण झाली. सांगायला म्हणून कोटेशनराव स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर उपडे घातलेले कप होते आणि बाकी कुणी नव्हतं. झोपायच्या खोलीत पलंगावर त्या दोन उशा तशाच पडल्या होत्या. बाहेरच्या उन्हाचा रंग उतरायला लागला होता. म्हणजे दुपार संपली होती, आणि ती संपेपर्यंत ते बायकोशी एकच वाक्य बोलले होते, तेही खोटं. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

टॉर्च ओट्यावर ठेवून ते कुणाला काही न सांगता जिना चढून वर गेले.

मावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत घर शांत, इतकं शांत की घड्याळ ऐकू येत होतं. गॅलरीत पांढरे युनिफॉर्म ओळीने वाळत होते आणि सिस्टर सोफ्यावर मान मागे टाकून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून बसली होती. बसणारच. सगळी माणसं तर खाली होती.

"झालं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"नाही अजून. म्हणजे तिसऱ्याचं चित्र चांगलंय, पण..." कोटेशनराव थांबले. "चुकलं माझं."

"बस."

ते शेजारी बसले. तिने स्टुलावरचे पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले. दिवसदिवस वॉर्डात उभं राहून सुजलेले ते पाय कोटेशनराव दाबायला लागले. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या पेशंटची गंमत तिने सांगितली. यांनी कचेरीतल्या नव्या साहेबांची नक्कल केली. ती हसली. हिला हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं, हे काही केल्या त्यांना आठवेना.

तेवढ्यात खालून शर्यतीचं संगीत वाजायला लागलं. गिरणीचा आवाज नाही, खरखर नाही, खणखणीत. पाठोपाठ मावशी ओरडल्या आणि मेहुण्याने टाळी वाजवली. मग सिस्टरच्या फोनवर मावशींचा फोन आला. कपडे वाळेपर्यंत वरच बसा, अजिबात घाई करू नका, आम्ही आत्ता दुसऱ्या शर्यतीत पोचलोय, असा निरोप देऊन त्यांनी फोन ठेवूनही दिला.

म्हणजे जमलं होतं. पण कशाने? चित्र रंगीत होतं का? ताणलेलं होतं का? कोटेशनरावांचा हात पायावर थांबला. सगळी निवड आपल्या पाठीमागे होऊन गेली आणि कोण पास झालं हे आपल्यालाच ठाऊक नाही, असा प्रसंग त्यांच्यावर उभ्या नोकरीत आला नव्हता. त्यांनी पुन्हा पाय दाबायला सुरुवात केली. थोडा वेळ दाबले. मग अगदी हळू, जणू आपलं सहजच, म्हणाले, "नुसतं विचारून येऊ का? कुठली लागली तेवढंच."

"तिघं तीन उत्तरं देतील," ती म्हणाली. "बस इथे."