सादेबाबांचा एप्रन

सुपडूनाना कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचा सादेबाबांचा फोटो खाली उतरवतात, शर्टाच्या टोकानं काच पुसतात आणि यजमानाच्या हातात देऊन विचारतात, "कंबरले काय शे?"

कंबरेला पांढरं, चौकोनी कापड आहे. बाबांच्या पंथाचे लोक म्हणतात, तो पंचा. बाबा भंडाऱ्यात स्वतः वरण-बट्टी वाढायचे. नाना म्हणतात, "पंचा नही, एप्रन शे. बाबा मेसन व्हतात."

मेसन म्हणजे फ्रीमेसन. इंग्रजांच्या काळातली गुप्त मंडळी. बंद दाराआड सभा, सभेत कंबरेला पांढरा एप्रन, एकमेकांना 'भाऊ' म्हणायचं, हात मिळवण्याचीही ठरलेली खूण. लोक त्यांच्या सभागृहाला जादूघर म्हणत. जातपात न मानणारा पंथ काढणारे, एरंडोलजवळच्या टेकडीवर जन्मभर एकटे राहिलेले आमचे सादेबाबा गुपचूप धुळ्याला साहेबांच्या जादूघरात जात, असा नानांचा दावा.

नाना जळगावच्या एका पाइप कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कंपास आणि गुण्या ही मेसनांची खूण आहे असं कळल्यापासून ती त्यांना बाबांच्या समाधीच्या पायऱ्यांत दिसते, कळसात दिसते. आमच्याकडे शंकरपाळ्यांतही दिसली.

"कोन साठचा आहे, वहिनी. कोणी शिकवला?"

"सासूबाईंनी," आई म्हणाली.

"त्या पंथातल्या का?"

"त्या चाळीसगावच्या."

नाना विचारात पडले. शंकरपाळे मात्र संपवले.

मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढतो. आमच्या पिंप्राळ्यातली निम्मी दारं मला पाहून लागतात. नानांचा दावा खरा असेल तर लोकांना कळलाच पाहिजे, असं माझं मत. मथळाही तयार होता: 'गरिबांचा बाबा साहेबांच्या मांडीला मांडी लावून!'

"छाप," नाना म्हणाले, "पन बदनामी नको करू. खुशखबर म्हनीसन छाप."

गुप्त सभेत साहेबांबरोबर बसणं ही खुशखबर कशी, ते मला कळेना. आमचा वाद तिथंच अडला आणि पत्रकही.

पण नाना घरोघर सांगतच होते; बातमी व्हायची ती झालीच. पंथाच्या विश्वस्तांचा नानांना निरोप आला: बैठकीत येऊन माफी मागा, नाहीतर यंदा भंडाऱ्याच्या पंगतीला बसू नका. नानांनी हातातला चहा खाली ठेवला. काकू गेल्या, मुलं पुण्याला. वर्षातून चार माणसांत बसून नाना जेवतात, ते या पंगतीतच.

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून टेकडीवर नेलं. गादीवर पंथाचे प्रमुख आबा बसले होते, नव्वदीकडे झुकलेले. लोक रांगेनं येत, पाया पडत, बाजूला होत. विश्वस्तांच्या सचिवांची डाळ मिल आहे. त्यांना घाई होती.

"नाना, माफी मागा आणि मोकळे व्हा. बाबांना साहेबाच्या पायाशी नेऊन बसवलं, काय मिळालं तुम्हाला?"

"पायाशी नही ना भो!" नाना एकदम उसळले. "पायना तं वीट ये मानूसले. बाबा आठे एकला ऱ्हाये. जो ये तो पाय पडे, गाऱ्हानं सांगे, निंघी जाय. त्याना हात कोनी धरा का? महिनामा एक दिन तरी कोनी त्याले 'कसा शे भाऊ' म्हनीसन इचारे, इतलंच माले पाहिजे. नसतीन मेसन तं नसतीन. मंग दुसरं कोन व्हतं त्याले, तुम्ही सांगा."

एकानं पंख्याकडे पाहिलं.

आबांनी कानामागं हात नेला. "तठे जादूघरमा चहा देत व्हतात का रे?"

"देत असतीन, आबा."

"बसाडीसन?"

"खुर्चीवर बसाडीसन."

"मग माफीचं काय?" सचिवांनी विचारलं.

आबांना ते ऐकू आलं नसावं. नाना रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकले, तशी आबांनी पाय आखडून धोतराखाली घेतले आणि गादीवर थोडे सरकले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आठे बस."

नाना बसले. मग आबांनी गुडघेदुखीचा विषय काढला.