वदादबाईंच्या भीतीचे समतोल वाटप

मनाची जखम बरी करण्याआधी तिचे नियोजन करावे लागते. नियोजनाशिवाय बरी झालेली जखम अहवालात दाखवता येत नाही. बैरूतच्या आघातोपचार केंद्राने हे फार पूर्वीच ओळखले होते.

वदादबाईंना त्याची कल्पना नव्हती. बंदरातल्या मोठ्या स्फोटात स्वयंपाकघराच्या खिडकीची काच अंगावर आली, तेव्हापासून त्या खिडकीपाशी जायला धजत नव्हत्या. कॉफी जिन्यात बसून प्यायच्या. खिडकीशी उभे राहून एक कप प्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते.

केंद्रातली डॉक्टर जुमाना गुणी पोर. तिने सगळे नीट समजावले. भीतीची आठवण मनात धरायची आणि तिच्या हलत्या बोटांमागे डोळे डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचे; हळूहळू आठवणीची धार जाते. (ती खरोखर जाते. त्यात केंद्राचा काही दोष नाही.)

"फक्त कोणत्या आठवणी घ्यायच्या, तो आराखडा समितीने मंजूर करायला हवा, मावशी."

समितीत सर्व पंथांचे सभासद होते. आपल्या बैरूतमध्ये बागेचा माळीसुद्धा पंथ पाहून नेमतात. भीती काय मोकाट सोडायची? यादवीत पूर्व आणि पश्चिम बैरूतचे पंथ एकमेकांवर तोफा डागत; त्या काळातला, पूर्वेकडून आलेला तोफगोळा वदादबाईंच्या यादीत होता. समतोलासाठी पश्चिमेकडचाही एक हवा, असे ठरले.

"अगं, तो आमच्यावर पडलाच नाही!"

"शेजारणीचा चालेल," जुमाना खालमानेने म्हणाली.

शेजारीण इमिली तेव्हा पूर्वेला राहायची. तिने सढळ हाताने दिला. "ने बाई! पण परत आणून देऊ नकोस हं."

राहता राहिला स्फोट. तो कोणत्या पंथाच्या खात्यात धरायचा, असे अध्यक्षांनी विचारले. एकही हात वर झाला नाही. ज्याला धनी नाही त्याला वाटा नाही, आणि वाटा नाही त्याला उपचार नाही. स्फोट वगळून आराखडा एकमताने मंजूर झाला. (देशात एकमत होते, ते असे.)

उपचार उत्तम झाले. इमिलीच्या तोफगोळ्यातून वदादबाई पूर्ण बऱ्या झाल्या.

"पोरी, आणि माझी काच?"

"ती आराखड्यात नाही, मावशी." जुमानाला रडू फुटले. वदादबाईंनीच तिचे डोळे पुसले आणि तिला जिन्यात नेऊन कॉफी पाजली. अजूनही त्या तिथेच बसतात.

वाचकहो, वरच्या प्रत्येक ओळीवर तुमचे डोळे डावीकडून उजवीकडे फिरले आहेत. आता त्या जिन्यातल्या बाईला आठवून पाहा. फारसे काही वाटत नाही ना? अभिनंदन, तुम्ही बरे झालात.