चितेगावचा समुद्र

आमच्या चितेगावच्या कारखान्यात एक समुद्र होता. शेडमागच्या सिमेंटच्या हौदात. तो आमच्यातल्या जुन्या कामगाराच्या, मल्हारीनानांच्या ताब्यात असे. शहरातल्या शहागंजातून जाडं मीठ आणायचं, तळ्यातलं शेवाळ काढायचं, दोन्ही पाण्यात कालवलं की झाला समुद्र. ते शेवाळ खाऱ्या पाण्यात दोन दिवसांत मान टाकी, मग नाना पुन्हा तळ्यावर. खरा समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "दर्या काय अन् डबकं काय, हिरवं ते हिरवंच!" हे त्यांचं शास्त्र.

किनाऱ्यावरच्या पाण्यात शेवाळ किती माजलंय हे मोजायची यंत्रं आम्ही बनवायचो, ती तपासायला हा समुद्र. शेवाळ तांबडा उजेड पिऊन टाकतं आणि हिरवा परत पाठवतं. यंत्र पाण्यावर धरलं की परत आलेल्या उजेडावरून काटा हले. नाना मात्र काट्याआधी स्वतः बघत. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, हिरव्याची पारख तिथलीच. ऊन पाठीशी घ्यायचं, मान तिरकी करायची आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. काट्याचं त्यांच्या आकड्याशी जमलं नाही तर म्हणत, "मशीनला चष्मा लावा." आणि बहुतेक वेळा यंत्रच दुरुस्तीला जाई!

पाण्यावर सावली पडली की आकडा बिघडे. त्यामुळे समोर कुणीही असो, नाना ओरडत, "सावली काढा!" एकदा खुद्द मालकांना त्यांनी भर उन्हात मागं सरकवलं होतं.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे होते. शहरात मोर्चे, खेड्यांतून जाळलेल्या दलित वस्त्यांच्या बातम्या. आमचे फिटर साळवे त्याच समाजातले, मोर्चात पुढं असणारे. चार वर्षं नाना आणि ते दुपारी एका डब्यात जेवत. एके दिवशी साळवे हौदाशी वाकले आणि नाना सवयीनं खेकसले, "साळवे, सावली काढा पाण्यावरनं!"

साळवेंनी पाना खाली ठेवला. "नाना, मशीनचं मला बी कळतंय. पण हे वाक्य माझ्या आजानं लई ऐकलंय."

दुसऱ्या दिवसापासून ते वेगळे जेवायला बसले.

नाना माझ्यावर उखडले. "मालकाला बी म्या तेच म्हन्लो व्हतो!"

"मालकांच्या आजाला कुणी म्हटलं होतं का?" मी विचारलं. मला त्यांचा रागच आला होता.



आठवड्याभरानं, रविवारी मी शहरात, उस्मानपुऱ्यात साळवेंकडे बसलो होतो. दारात नाना. चितेगावहून इतक्या लांब सायकल हाणत आलेले. आत येईनात.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "तोंडातनं काय जातंय ते बघाया पायजे व्हतं."

साळवे उठून दाराशी आले.

"बायको गेल्यापासनं घरी येकटाच खातो," नाना खाली बघून म्हणाले. "मान्सासंगं जेवन म्हंजी तेवढं दुपारचंच. आठ दिस झाले, घास नाय उतरत."



"राग हाय अजून," साळवे म्हणाले. "पण उपाशी नका राहू. या आत."

आणि आत वळून त्यांनी बायकोला आणखी एक ताट वाढायला सांगितलं.

नाना तीन भाकरी जेवले.