म्हैस सोडून सगळे बोलतात

आमच्या इनास अंकलनी काढलेल्या चित्रातली सगळी माणसं तोंड उघडून असतात. विहिरीवर पाणी काढणारी बाई, होडी ओढणारे चौघे, चर्चच्या पायरीवर टेकलेले म्हातारे, सगळे आ करून. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, अख्ख्या गावाला एकदम जांभई आली.

मी तसं म्हणालेही. अंकलनी ब्रश माझ्यावर रोखला.

"वहिनी, जांभई नाही ती. बोलतायत ते."

"सगळे एकदम?"

"आमच्या गावात एकेक करून कोण बोलतो?"

एक म्हैस तेवढी तोंड मिटून उभी होती. हिचं काय, असं विचारलं तर शांतपणे म्हणाले, "ती रेवदंड्याच्या बाजारातनं आणलेली. तिला नोलिंग येत नाही."

रेवदंड्याची खाडी ओलांडली की किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई लागतं. तिथे पोर्तुगीज आले, राहिले आणि गेले. जाताना भाषा तिथेच ठेवून गेले. तिच्यात आपली मराठी मुरली आणि गावातल्या ख्रिस्ती घरांत ती आजही बोलली जाते. शिकलेले लोक तिला क्रिओल म्हणतात. अंकलना ते मंजूर नाही. "क्रिओल पुस्तकातली. आमच्या घरात नोलिंग. म्हणजे आपली भाषा. खलास!" मी पुण्याची, अलिबागला दहा वेळा जाऊन आलेली, पण ही भाषा मला कळली ती दुबईत, करामातल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये.

अल क्वोजच्या एका कारखान्यात अंकल दरवाजे रंगवतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्काराच्या आधी त्यांनी चौकटीवरून अंगठा फिरवला. "दोनच हात मारलेत. तिसरा कॉन्ट्रॅक्टरनं खाल्ला." मग आत येऊन चहा प्यायले. मॉलमध्ये काचेचे दरवाजे असतात म्हणून त्यांना मॉल आवडत नाही. स्वतःच्या हाताबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नाही. "या दुबईत माझ्याइतका सरळ ब्रश मारणारा दुसरा दाखवा, मी रिटायर होतो."

असा माणूस एकच चित्र चार वर्षं रंगवत होता. आठ बाय चारची प्लायवूडची शीट हॉलच्या भिंतीला टेकवलेली, सोफा त्यापायी बाल्कनीत. सून शीबा केरळची आणि सोशिक, म्हणून निभावलं. दर रविवारी चर्चमधून आले की अंकल रंगाच्या डब्याला फोन टेकवून कोर्लईला व्हिडिओ कॉल लावत. पलीकडे बहुतेक वेळा थोरली बहीण रेजिन असे. ती चित्र बघून काहीतरी चूक काढी. मग दोघांची अशी जुंपे की आमच्या घरातला टीव्ही ऐकू येत नसे. अर्ध्या तासाने अंकल रंग खरवडत, नवा लावत आणि जिन्यात येऊन जाहीर करत, "फायनल! खलास!" पुढच्या रविवारी पुन्हा चूक.

यंदा आमच्या मराठी मंडळाने भाषांचा मेळावा ठरवला. अंकलचं चित्र ठेवायचं मीच सुचवलं आणि कमिटीला शब्द देऊन बसले.

"अंकल, शुक्रवारी लागेल हं. इन्शाल्ला म्हणू नका."

"इन्शाल्ला नाही, वहिनी. शंभर टक्के. लिहून घ्या."

आधीच्या रविवारी भिंतीपलीकडे तोच गदारोळ. रेजिनच्या घराचं दार हिरवं रंगवलेलं, ते निघालं निळं. मी तणतणत गेले. अंकल टर्पेंटाइन आणायला खाली उतरले होते. शीबा म्हणाली, "दीदी, पापा को सब याद है. ये देखो ना, हिज ओल्ड बुक." आणि तिने बाल्कनीतल्या सोफ्याखालची एक जाडजूड वही माझ्या हातात दिली.

वहीत पेन्सिलीने काढलेलं अख्खं गाव होतं. घर न् घर, खिडकी न् खिडकी. बाजूला मराठीत टिपणं: "रेजिन, दार निळं." "विहीर, रहाट उजवीकडे." चार वर्षांत ज्या ज्या चुका निघाल्या, त्या सगळ्या वहीत पहिल्यापासून बरोबर होत्या.

अंकल दारात येऊन उभे राहिले. वही माझ्या हातात.

"अंकल, तुम्हाला सगळं माहीत होतं?"

त्यांनी टर्पेंटाइनची बाटली खाली ठेवली, वही घेतली आणि फडक्याने पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"बरोबर काढलं की रेजिन 'छान आहे' म्हणते आणि फोन ठेवते. चुकीचं काढलं की अर्धा तास बोलते." मग भिंतीवरच्या, गेलेल्या बायकोच्या, फिलूआंटीच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ही होती तोवर घरात बोलणं होतं. पोरगा इंग्लिश बोलतो, नाती तर विचारूच नका. चार वर्षं झाली वहिनी, तोंडात नोलिंग नुसती पडून राहते."

मी भांडायला आले होते, ते विसरले. स्वतःचीच लाज वाटली. म्हटलं, "अंकल, राहू दे चित्र. मी कमिटीला काहीतरी सांगते."

"का म्हणून? शब्द दिलाय इनासनं." त्यांनी ब्रश उचलला. चार दिवसांत वही समोर ठेवून त्यांनी सगळं बरोबर केलं. शुक्रवारी शीट लिफ्टमध्ये मावेना. चार मजले जिन्याने उतरवली. मागे रिकाम्या भिंतीवर आठ बाय चारचा फिकट चौकोन राहिला. अंकलनी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही.

मेळाव्यात चित्रासमोर गर्दी झाली. अंकल इस्त्रीच्या शर्टात ऐटीत उभे. मी माझ्या फोनवरून रेजिनला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग मराठीत म्हणाली, "छान आहे."

मी अंकलकडे पाहिलं. ऐट गेली होती. शर्टाचं बटण चाचपत ते खाली बघत होते. मला तो फोन लावल्याचा पश्चात्ताप झाला.

तेवढ्यात फोनमधून रेजिन कडाडली. नोलिंगमध्ये. अंकलनी झडप घालून माझ्या हातातून फोन घेतला आणि हॉलच्या मधोमध त्यांची जी जुंपली, ती जुंपली. ते हातवारे करून म्हशीकडे बोट दाखवत होते. माइकवर निवेदन करणारा थांबला. अध्यक्ष बघत राहिले. अंकलचं तोंड चित्रातल्या माणसांसारखं उघडं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी माझ्या हातात फोन कोंबून म्हणाले, "म्हणते, म्हैस बाजारातली नव्हेच, आमच्याच गोठ्यात जन्मली! तिला नोलिंग येत होती! तोंड उघडावं लागणार वहिनी. कोणाकडे ब्रश आहे का ब्रश?" आणि गर्दीत शिरले.

फोन अजून चालू होता. रेजिन पदराने डोळे टिपत होती.

"ताई," ती मला हळूच म्हणाली, "म्हशीचं तोंड मला चार वर्षांपूर्वीच दिसलं होतं. कधी अगदीच काही उरलं नाही तर बोलायला होईल, म्हणून ती एक चूक मी ठेवून दिली होती."